घरी ब्लीच केल्यावर केसांत पट्टे पडतात: ते का पडतात आणि कसे निस्तरायचे

मुळाशी पिवळेधमक, मध्ये नारंगी, टोकाला काळपट. नाहीतर वरचा थर छान सोनेरी आणि केस वर उचलले की मानेवरचे जसेच्या तसे काळे. घरी ब्लीच केलेलं डोकं माझ्या खुर्चीत येतं ते बहुतेक वेळा या दोनपैकी एका अवस्थेत. सांगलीत कॉलेजं सुरू झाली की, गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत हे हमखास दिसतं. मुली येतात, हल्ली मुलंही तेवढीच येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, अजून एकदा ब्लीच मारलं की सारखं होईल ना?"

नाही होणार. दुसऱ्या वेळचं ब्लीच उजळ भागालाही लागतं आणि काळ्या भागालाही. काळा भाग नारंगीपर्यंत येतो तोवर आधीच पिवळा झालेला भाग तुटायला लागलेला असतो. फरक तसाच राहतो, फक्त केस कमी होतात. आपल्या काळ्या केसांत रंगाचा मेळ घालायचा सोपा आणि केसांना झेपणारा रस्ता उलटा आहे: जे जास्त उजळलंय ते खाली आणायचं, म्हणजे गडद करायचं. सगळं डोकं प्लॅटिनम, म्हणजे पांढरट सोनेरी, करायच्या हट्टानं सुरुवात केली असेल तर हे ऐकायला जड जातं, मला माहीत आहे. पण हातात लांब, धड केस ठेवायचे असतील तर बहुतेकांना याच वाटेनं जावं लागतं.

आधी केस नीट बघा

ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे नारंगी रंग लपतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीशी बसा. केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत, कारण ओले केस सगळेच गडद दिसतात. मधोमध भांग, मग कानापासून कानापर्यंत आडवा भांग, असे चार भाग पाडा आणि घरातल्या कुणाला तरी मागचे दोन भाग बघायला सांगा. मोबाइलवर फोटो काढा. काय शोधायचं? रंग कुठे बदलतो ती रेघ. रेघ सरळ आडवी आहे, की जागोजागी ठिपके आहेत, की फक्त मुळांशी एक-दोन बोटं उजळ आहे? या तीन नमुन्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

मुळांशी उजळ असेल तर कारण डोक्याची ऊब. टाळूजवळच्या साधारण एक सेंटीमीटर केसाला शरीराची उष्णता मिळते आणि तिथे ब्लीच भराभर चढतं. बहुतेक जणी मेंदी लावायच्या सवयीनं सुरुवात मुळापासूनच करतात, म्हणजे जिथे सगळ्यात कमी वेळ हवा तिथे सगळ्यात जास्त वेळ मिळतो. ब्लीच नेहमी मधल्या लांबीला आधी लावायचं असतं, मग टोकांना, आणि मुळांना सगळ्यात शेवटी.

ठिपके आणि पॅच असतील तर मिश्रण कमी पडलं, बटा जाड घेतल्या किंवा मिश्रण वाळलं, यातलं एक तरी झालेलं असतं. वाळण्याचं कारण आपल्याकडे फार मोठं आहे आणि कुणी ते लक्षात घेत नाही. ब्लीच ओलं असेपर्यंतच काम करतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा पाचवर ठेवून ब्लीच लावलं की डावी बाजू लावून होईपर्यंत उजवी बाजू कोरडी खडखडीत झालेली असते. तिथं ते पुढे चढत नाही. पंखा बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण ब्लीच पावडरीतल्या परसल्फेट या रसायनाचा वास कोंडला तर दम लागू शकतो. खिडकी उघडी हवीच. लावलेली प्रत्येक बट फॉइलमध्ये किंवा पातळ प्लॅस्टिकमध्ये झाकायची, एवढंच. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चालते. मिश्रण कालवायला मात्र धातूची वाटी नको, प्लॅस्टिकची किंवा काचेची घ्या.

सरळ आडवी रेघ असेल तर ती तुमच्या केसांचा इतिहास सांगते. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या घरी केलेल्या दुरुस्त्या सगळ्यात जास्त इथेच फसतात.

रेघ आणि काळी मेंदी

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वीचं असतं आणि कमरेपर्यंतच्या केसाचं चार-पाच वर्षांपूर्वीचं. त्या काळात त्या केसावर जे जे लावलं, ते अजून तिथेच आहे. रंग धुतला गेला असं डोळ्यांना वाटतं, ब्लीच लावलं की तो परत दिसतो.

मिरजेची एक मुलगी आईला घेऊन आली होती. मुळांशी फिकट पिवळं, मध्ये लालसर नारंगी, आणि खांद्याच्या थोडं खाली एकदम रेघ मारल्यासारखी काळी-तांबूस टोकं. दोनदा ब्लीच करूनही ती टोकं हलली नव्हती. मी विचारलं, "मेंदी लावली होतीस?" म्हणाली, "कधीच नाही, ताई." मी टेप घेऊन भांगापासून रेघेपर्यंत मोजलं, अठ्ठावीस सेंटीमीटर भरले. "दोन वर्षांपूर्वी, थोडं अलीकडे-पलीकडे, काय झालं होतं घरात?" आईच्याच लक्षात आलं. "अगं, दादाच्या लग्नात आत्यानं सगळ्यांना काळी मेंदी लावली नव्हती का!" मुलगी म्हणाली, "पण ती मेंदी होती, कलर थोडाच होता."

काळी मेंदी हा कलरच असतो. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते केसाला फक्त तांबूस-नारंगी छटा देतं. काळा रंग पानातून येत नाही. काळ्या मेंदीच्या पुडीत बहुधा पीपीडी हे डाय असतं, काहींत धातूंचे क्षारही असतात. ब्लीच आपल्या केसातलं मेलानिन, म्हणजे नैसर्गिक रंगद्रव्य, फोडतं. असा चढवलेला रंग मात्र ते एकसारखा काढू शकत नाही. तो विटकरी रंगावर येऊन अडकतो. साध्या मेंदीचंही तसंच, लॉसोन केसातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं.

धातूचे क्षार असतील तर गोष्ट फक्त रंगावर थांबत नाही. ब्लीचच्या मिश्रणातलं हायड्रोजन पेरॉक्साइड धातूच्या संपर्कात झपाट्यानं फुटतं आणि उष्णता सोडतं. म्हणून काळी मेंदी, पुडीतला डाय किंवा काय होतं ते नीट आठवत नसलेलं काहीही लावलं असेल, तर आधी मानेजवळची एक पातळ बट कापा, एका टोकाला दोऱ्यानं बांधा आणि प्लॅस्टिकच्या वाटीत थोड्या मिश्रणात बुडवून ठेवा. दर पाच मिनिटांनी बघा. वाटी गरम लागायला लागली, फेस आला, वाफ आली, तर त्या केसांवर ब्लीच लावायचंच नाही. काही झालं नाही तर तीच बट तुम्हाला रंग कुठवर चढतो आणि केस किती तग धरतो तेही दाखवेल. या एका बटेनं वाचवलेली डोकी मी पाहिली आहेत.

त्या मुलीची टोकं मी ब्लीच केली नाहीत. टोकाचे तीन बोटं केस कापले आणि वरचं सगळं गडद करून उबदार तपकिरीवर आणलं, जेणेकरून रेघ विरून गेली. तिला सोनेरी हवं होतं. ते पुढे नव्या वाढलेल्या केसांवर करता येईल, या केसांवर नाही, हे तिला तोंडावर सांगितलं.

ताण देऊन बघा, मगच पुढे

कुठलीही दुरुस्ती करायच्या आधी एक ओला केस दोन्ही हातांत धरून हलका ताण द्या. थोडा लांबला आणि परत जागेवर आला तर ठीक. लांबतच गेला आणि तुटला, किंवा ओले केस हाताला भिजलेल्या शेवयांसारखे गिळगिळीत लागले, तर पेरॉक्साइड असलेलं काहीही लावू नका, ब्लीचनंतर छटा बदलायला लावतात तो टोनरसुद्धा नाही. तिथे कात्री आणि वेळ, हे दोनच उपाय आहेत. टाळूवर जखम, फोड किंवा आग असेल तरीही थांबा. आग होत असताना साध्या पाण्याखाली बराच वेळ डोकं धरा आणि फोड आले असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. त्यावर खोबरेल चोळत बसू नका.

उजळ भाग खाली आणायची पद्धत

यासाठी ब्लीच लागत नाही. अमोनिया नसलेला डेमी-परमनंट कलर (धुण्यागणिक हळूहळू उतरणारा) आणि त्यात मिसळायचा कमी ताकदीचा डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, लागतो. डेव्हलपरवरचे आकडे समजून घ्या: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. रंग खाली आणायला १० पुरतं. ३० आणि ४० घरात आणूच नयेत असं माझं ठाम मत आहे. "लवकर होतं" म्हणून दुकानदार हातात देतात, आणि मुळं पिवळी व्हायचं, टाळू भाजायचं निम्मं कारण तिथेच असतं.

शेडकार्डावर १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपले केस बहुधा १ ते ३ मध्ये असतात. ब्लीचनं वर चढताना ते लाल, मग नारंगी, मग सोनेरी-पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा असे टप्पे घेतात. ४-५ ला लालसर, ६ ला नारंगी, ८ ला पिवळं, असा साधारण हिशोब. तुमच्या डोक्यावर सगळ्यात गडद नारंगी भाग कितीवर आहे ते बघा. तोच तुमचा मुक्काम. तो ६ वर असेल तर पिवळ्या मुळांनाही ६ किंवा ५ वर आणायचं.

पिवळ्याधमक केसावर थेट थंड तपकिरी, ॲश (राखाडी-निळसर झाक असलेली शेड) वगैरे लावलं की तो हिरवट, चिखलासारखा होतो. कारण त्या केसातून लाल-नारंगी निघून गेलेलं असतं आणि निव्वळ पिवळ्यावर निळसर छटा पडली की हिरवं दिसणारच. त्यामुळे गमावलेली ऊब, म्हणजे लाल-नारंगी झाक, आधी परत द्यायची: ७ च्या आसपासची सोनेरी किंवा तांबूस शेड, बहुतेक कंपन्यांत नंबराच्या शेवटी .३ किंवा .४ असलेली, फक्त पिवळ्या भागावर. ती चढली की मग वरून तपकिरी. नारंगी भागाला ही पहिली पायरी लागत नाही, त्याच्यात ऊब आहेच. तिथे साधी तपकिरी शेड सरळ बसते.

आणखी एक. ब्लीच झालेला केस सच्छिद्र असतो, रंग पटकन आणि जास्त ओढतो, त्यातही टोकं सगळ्यात जास्त. म्हणून हवी त्यापेक्षा एक नंबर उजळ शेड घ्या, टोकांना शेवटी लावा, आणि दर पाच मिनिटांनी एका बटेवरचा रंग ओल्या कापसानं पुसून खरा रंग बघा. डब्यावर वीस मिनिटं लिहिलंय म्हणून वीस मिनिटं थांबू नका. आठव्या मिनिटाला जमलं असेल तर आठव्या मिनिटाला धुवा. आणि दोन दिवस आधी, म्हणजे ४८ तास, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ॲलर्जी तपासा. कधीकाळी काळ्या मेंदीनं खाज आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा कलर लावूच नका, कारण तेच पीपीडी किंवा त्याची भावंडं कलरमध्येही असतात.

फक्त मुळं उजळ असतील तर काम आणखी सोपं. मुळांच्या तीन-चार सेंटीमीटरला तपकिरी सावली द्या आणि ब्रश खाली नेताना हलका करत जा, कडा सरळ ठेवू नका. पुढे तुमची काळी मुळं वाढतील तेव्हा तीही यात मिसळून जातील, दर महिन्याला टचअप लागणार नाही.

राहून गेलेले नारंगी ठिपके

बाकी सगळं मनासारखं, फक्त चार-पाच जागा राहून गेल्यात, तेवढ्यापुरतं ब्लीच करता येतं. आधीच्या ब्लीचला किमान दोन आठवडे होऊन जाऊ द्या. २० व्हॉल्यूम, मिश्रण ब्रशवरून ओघळणार नाही इतकं घट्ट. आजूबाजूच्या उजळ केसांना कंडिशनर थापून ठेवा, म्हणजे चुकून लागलं तरी चढणार नाही. फक्त नारंगी जागेवर लावा, फॉइल मिटा, दर पाच मिनिटांनी उघडून बघा. शेजारच्या केसापेक्षा किंचित गडद असतानाच धुवा, कारण वाळल्यावर तो अजून उजळ दिसतो. मानेवरचा अख्खा थर काळा राहिला असेल तर त्याला ठिपका समजू नका. तो तसाच ठेवला तरी वाईट दिसत नाही, आणि आरशात न दिसणाऱ्या जागी स्वतःच्या हातानं ब्लीच लावण्यापेक्षा ते कधीही बरं.

जांभळा शाम्पू यातलं काही करत नाही. जांभळा पिवळ्याला मारतो, निळा नारंगीला, हिरवा लालला. नारंगी केसाला जांभळा शाम्पू रोज लावूनही काही फरक पडत नाही, उलट जिथे फार पिवळं आहे तिथे तो जांभळट डाग सोडतो आणि डोक्यावर एक रंग अजून वाढतो.

चेहऱ्यावरच्या लवेसाठी मिळणारं ब्लीच क्रीम डोक्याला लावणारेही भेटतात. ते जाड काळ्या केसाला पुरत नाही, ठिपके पडतात. आणि हे मात्र आवर्जून लिहिते: पाण्याच्या टाकीत टाकायची ब्लिचिंग पावडर केसाला लावायची नाही, कुणी कितीही सांगो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर साफसफाईसाठी आलेल्या पावडरीच्या पुड्या आपल्याकडे अजून काही घरांत पडून आहेत. ती क्लोरीनची पावडर आहे. तिनं केस विरघळतात आणि टाळू भाजते. नावात ब्लीच आहे एवढंच साम्य.

दुरुस्त केलेलं परत बिघडतं ते पाण्यानं आणि गुलालानं

टोनर लावून सगळं एकसारखं झालं आणि महिना-दीड महिन्यात परत पितळी छटा आली, ही तक्रार फार. टोनर धुण्यागणिक उतरतो, ते होणारच. पण बोअरचं पाणी असलेल्या घरांत ते लवकर होतं. कृष्णाकाठचा बागायती पट्टा क्षारपड जमिनींसाठी ओळखला जातो, आणि बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तोच थर केसावरही बसतो. पाण्यात लोह असेल तर उजळ केस तांबूस दिसतात, आणि पुढच्या वेळी ब्लीचही जागोजागी वेगळं चढतं. ब्लीच किंवा कलरच्या आधी क्षार काढणारा शाम्पू एकदा वापरा, त्याच्या घटकांत ईडीटीए हे क्षार धरून काढणारं रसायन असतं. शेवटचं पाणी नळाचं किंवा फिल्टरचं तांब्याभर घेतलंत तरी फरक दिसतो. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावा. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. टोनर लावायच्या दिवशी मात्र केसांवर तेल नको.

गुलालाचं तर दरवर्षीचं आहे. तासगावचा रथोत्सव झाला की दुसऱ्या दिवशी गुलाबी डोक्यांची पोरं येतात. सच्छिद्र केस गुलालातला रंग आत ओढून घेतो आणि तो शाम्पूनं निघत नाही. जायचंच आहे तर आधी केसांना भरपूर तेल चोपडा, वर रुमाल घट्ट बांधा, आणि आल्यावर आधी कोरडाच झटका, लगेच पाणी ओतू नका. हळदीच्या कार्यक्रमातही नवरीच्या ब्लीच केलेल्या बटा सांभाळा. हळद केसावर बसते आणि साबणासारखं अल्कधर्मी काही लागलं की ती लालसर होते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो तेच हे. असा डाग पडलाच तर घाबरून ब्लीचकडे धावू नका. सौम्य शाम्पूनं धुवा आणि उन्हात बसा, हळदीचा रंग उजेडात आपोआप फिका होतो.

पार्लरमध्ये दुरुस्तीला जायचं ठरवलंत तर ब्लीचचं रिकामं पाकीट, डेव्हलपरची बाटली आणि खिडकीशी काढलेले फोटो सोबत न्या. गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय लावलं ते आईला, बहिणीला विचारून कागदावर लिहून न्या, त्यात लग्नातली मेंदीही आली. आणि समोरच्यानं एक बट न तपासता थेट सगळ्या डोक्यासाठी ब्लीच कालवायला घेतलं, तर उठून या.